चांदीसकट आठ किलो दोनशे

आष्ट्याजवळच्या त्या गावात आम्रपालीविषयी शेजारणी एकच गोष्ट सांगत: बाई अंगणवाडीत पोरं तोलते खरी, पण तिचा डोळा असतो पोरांच्या चांदीवर. कारण एवढेच, की काट्यावर ठेवण्यापूर्वी ती करदोटा, वाळे, कडी, स्वेटर, सारे उतरवायला लावी. करदोटा उतरला की दृष्ट लागते, हे शास्त्र गावाला तोंडपाठ होते. लसीची तारीख मात्र कुणाला आठवत नसे.

निवृत्त सुभेदार लालासाहेबांनी तर नातवाच्या, वीरधवलच्या, करदोट्याला हात लावू दिला नाही. आठव्या महिन्यातच जन्मलेले ते चौदा महिन्यांचे मूल चांदीसकट आठ किलो दोनशे भरले. आम्रपालीने वजनाचा रकाना कोरा ठेवला. सुभेदारांनी घरी जाऊन स्वतःच्या पेनाने नातवाच्या वाढीच्या कार्डावर हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या, पट्ट्यात ठिपका दिला आणि ते कार्ड भिंतीवर आपल्या पदकांशेजारी लावले.

पौषात मुलाला ताप आणि खोकला आला. तिसऱ्या दिवशी आम्रपालीने घरी येऊन त्याचा सदरा वर करून मिनिटभर श्वास मोजले. चाळिशीच्या आत हवेत, ते अठ्ठावन्न भरले. बरगड्यांखाली खड्डा पडत होता. आजच्या आज सांगलीला न्या, असे तिने सांगितले. सुभेदारांनी भिंतीवरच्या कार्डाकडे बोट दाखवले, नातू हिरव्यात असताना दवाखाना कशाला म्हणून विचारले, आणि मुलाला न्हाणीच्या चुलीजवळ उबेला, म्हणजे धुरात, निजवले. यात दोन दिवस गेले.

सांगलीत एक्स-रेसाठी चांदी उतरली. तेव्हा दृष्ट कुणाला आठवली नाही. वजन भरले सात किलो तीनशे. फुप्फुसाभोवती पू झाला होता, छातीत नळी घालावी लागली. डॉक्टरबाईंनी जे जे विचारले, ते ते त्या घरात निघाले: अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, लसीचा चुकलेला डोस, धूर. अशा मुलाचा साधा न्यूमोनियाही बघता बघता बिघडतो, त्याला दोन दिवस घरी ठेवायचे नसते, असे त्या म्हणाल्या. सुभेदारांनी मान खाली घातली. फार वेळ नव्हे.

मूल वाचले. महिन्याभराने ते अंगणवाडीत आले, तेव्हा करदोटा, वाळे, कडी पुन्हा जागच्या जागी होती. दृष्ट आम्रपालीचीच लागली, हे शेजारणींनी तोवर ठरवून टाकले होते. सुभेदारांनी फर्मावले, की असेच तोल आणि चांदी मागाहून वजा कर.

आम्रपालीने काट्यावर आडवा ठेवलेला हात काढला नाही.

"आवं सुभेदार, चांदी तोलायची आसंल तर सोनाराकडं जावा. हितं पोरगं तोलत्यात."