मूठ वळेना

बेळगावकडच्या रामनगरपासून आत, जंगलाला टेकलेल्या एका वाडीत सुमंगला आणि वासू हे नवरा-बायको राहतात. थोडी भातशेती, घरामागं पोफळीची बाग आणि बागेच्या कडेच्या फणसांवर चढवलेले मिरीचे वेल. मिरी तयार झाली की वासू एका बांबूच्या शिडीवरून वर चढायचा आणि सुमंगला खाली दोर धरायची. हा दोर शिडीच्या टोकाला बांधलेला असे आणि फणसाला वळसा घालून खाली येई. तो ताणून धरला तरच शिडी जागची हलत नसे. लग्न झाल्यापासून हे काम तिचंच. दुसऱ्या कुणाच्या हाती दोर असला तर वासू शिडीला पाय लावत नसे.

त्या वर्षी मात्र सुमंगलाचे हात तिचं ऐकेनासे झाले होते.

भाताची लावणी उरकल्यावर कधीतरी हे सुरू झालं. सकाळी जाग आली की बोटं ताठ, मूठ वळेना. गरम पाण्यात हात बुडवून बसावं, तेव्हा अंगणात ऊन आल्यावर कुठं भाकरी थापता येई. आधी दोन्ही मनगटं सुजली, मग बोटांची मुळं. शेजारची सुंदरीअक्का म्हणाली, "दिवसभर चिखलात हात घालून काम करायचं म्हटल्यावर दुखणारच की. माझे बी दुखतात."

पण सुंदरीअक्काचे हात कामानं दुखत आणि निजून उठलं की हलके होत. सुमंगलाचं उलटं होतं. जितकी विश्रांती, तितके हात जखडत. हा फरक तिला कळत होता, आणि म्हणूनच ती कुणाला काही बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर खानापूरकडची आई होती. आईची बोटं एका अंगाला वाकून गेली होती. लग्नकार्यात पंगत बसली की आई म्हणायची, "मला भूक न्हाई." चारचौघांत घास उचलता येत नसे, हे खरं कारण. सुमंगला तिला मागच्या खोलीत नेऊन भरवायची.

फेब्रुवारीत वासू म्हणाला, "आज मागचा मोठा फणस उरकून टाकू." सुमंगलानं पदर खोचला आणि दोर धरला.

वासू फांद्यांपर्यंत पोचला आणि घोस तोडून पाठीवरच्या टोपलीत टाकू लागला. खाली सुमंगलाच्या उजव्या मनगटातून कळ उठली, ती कोपरापर्यंत गेली. तिनं दोर डाव्या हातात घेतला, तर डावाही तसाच.

"अवो, खाली या."

"थांब गे, एवढी फांदी राहिलीया."

"खाली या म्हणते न्हवं!"

तिचा आवाज ऐकून वासू उतरू लागला. त्याच्या वजनानं शिडी हलली, दोराला हिसका बसला. बोटं आवळायचा तिनं जीव तोडून प्रयत्न केला, पण ती आपली आपण उघडत चालली. दोर तळव्यातून सरकला. तिनं तो कोपराला गुंडाळला आणि सगळं अंग मागं टाकलं. शिडी तरीही कलली. वासूनं वेलाला मिठी मारली, वेल सालीपासून सुटत आला आणि तो वेलासकट खाली पालापाचोळ्यात, हातावर पडला.

मग तो कण्हला. मनगट भलतीकडंच वळलं होतं.

"दोर का सोडलास?"

"सुटला," एवढंच ती म्हणाली.

वाडीतल्या पुंडलिकानं जीप काढली. रामनगरच्या डॉक्टरांनी फळी बांधून दिली आणि बेळगावला पाठवलं. बेळगावात एक्स-रे झाला, मोडलेलं हाड बसवून प्लास्टर घातलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वासूला गोळी दिली. सुमंगला पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवू लागली. ते फिरेना. शेवटी तिनं ते दातांत धरलं.

"तुमचे हात बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुमंगलानं हात पदराखाली घेतले. "मला काय झालं न्हाई. ह्यांचं बघा."

"दाखव," वासू म्हणाला.

बाईंनी एकेक सांधा दाबून पाहिला. अंगठ्याचं मूळ, बोटांची टोकं, मनगट. मुंग्या येतात का? पूर्वी कधी पडला होतात का? चिकुनगुनिया झाला होता? एकाएकी एखादाच सांधा लाल होऊन ठणकला का? प्रत्येकाला ती नाही म्हणाली. मग त्यांनी विचारलं, "सकाळी हात किती वेळ आखडतात?"

"स्वयंपाक खोळंबतो इतका वेळ."

"घरात कुणाला असं होतं?"

"आईला," ती शेवटी म्हणाली आणि रडू लागली.

बाई म्हणाल्या, "हात दुखायची कारणं पुष्कळ असतात. वयानं सांधा झिजतो, कामानं शिरा सुजतात, मनगटात नस दबते. तुमचं तसं दिसत नाही. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, तसला संधिवात असावा. रक्त तपासू. आईचा आजार तुम्हाला आलाच असेल असं नाही, पण बघायला हवं."

बाहेर बाकावर वासू भडकला. "हातात जोर न्हाई हे तुला ठावं होतं. आणि मला वर चढू दिलंस?"

"व्हय."

"मेलो असतो मी!"

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं," ती म्हणाली. "आईसारखं."

आपल्या सासूसारख्या दुखणं लपवणाऱ्या माणसांचा वासूला फार राग, पण आता तो नुसता उठला आणि औषधं आणायला गेला.

रिपोर्ट येईपर्यंत घरात दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत. त्याचा एक हात गळ्यात, तिचे दोन्ही सुजलेले. तांदूळ निवडायला सुंदरीअक्का यायची. रिपोर्ट आला, तो बाईंनी म्हटल्यासारखाच. सांध्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि ठरावीक काळानं रक्त तपासायला बजावलं. आजार जाणार नाही, पण वेळेत आलात, हात वाकू न देता सांभाळता येतील, असं ते म्हणाले.

"माझी आई वेळेत दवाखान्यात गेली असती तर?" तिनं विचारलं.

"तेव्हा ही औषधं तुमच्यापर्यंत पोचली नसती कदाचित," डॉक्टर म्हणाले.

गुण यायला पावसाळा उजाडला. उजव्या हाताचं मधलं बोट अजून पुरतं मिटत नाही. काही सकाळी हात पुन्हा जखडतात, तेव्हा ती उठल्या उठल्या सांगते, "आज माझे हात न्हाईत." वासू कुरकुरत चुलीपुढं बसतो. यंदा मिरी काढायला त्यानं कमरेला झाडाशी अडकवायचा पट्टा घेतलाय आणि दोर धरायला प्रशांत, सुंदरीअक्काचा जावई, येतो. पहिल्या दिवशी वासू शिडीखाली नुसताच उभा राहिला. सुमंगलानं प्रशांतला दोर कसा धरायचा ते सांगितलं, दोनदा ओढून बघितला आणि मग म्हणाली, "चढा आता."