मामांच्या बांधीत डोंगा

आमच्या गावचा कालवा दुरुस्त व्हायला सतरा वर्षं लागली आणि फुटायला एक सकाळ. यातलं दुसरं काम माझ्या नावावर आहे.

तसा मी फोडण्यातला माणूस नव्हे. प्राथमिक शाळेत मास्तर होतो. नारळसुद्धा मला चौथ्या दणक्याशिवाय फुटत नसे. पण चोरखमाऱ्याच्या तलावातून येणारा आमचा कालवा (आम्ही त्याला नहर म्हणतो, कालवा तो फक्त कागदावर असतो) गाळ काढून, काठ बांधून पुन्हा वाहता झाला, तेव्हा गावाने उत्सव समिती काढली आणि माझं अक्षर बरं म्हणून मला सचिव केलं. मी त्या बऱ्या अक्षरात भिंतीभिंतींवर लिहून टाकलं, ‘नहर फोडणे गुन्हा आहे.’ खाली माझं नाव. हुद्द्यासकट!

उत्सवातली डोंग्याची सैर ही कल्पनाही माझीच. आमच्या गावातून डोंग्यात बसायचं आणि दीड कोस खाली, नहरेच्या टोकाच्या गावी उतरायचं. तिथे मांडव, भोंगा, आलुभजी. डोंगा, म्हणजे लाकडी होडकं, सुखरामचं. एरवी सुखराम त्यातून तलावातले शिंगाडे काढायचा. आम्ही डोंग्याला पिवळा रंग दिला, झेंडूच्या माळा लावल्या. शिंगाड्यांचा वास मात्र गेला नाही.

आता अडचण अशी, की टोकाचं गाव म्हणजे माझ्या मामांचं गाव.

वीस वर्षांपूर्वी नहरेचं पाणी पाळीपाळीने मिळायचं. मामांच्या पाळीच्या दिवशी माझ्या वडिलांनी वरच्या अंगाला पाणी अडवून आमच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भरून घेतल्या, आणि मामांचा नुकता रोवलेला धान वाळला. त्या दिवसापासून मामांनी आमच्या घरचं पाणी सोडलं. पुढे वडील गेले, नहर बुजली, तिच्यात बेशरमाची झुडपं उगवली. भांडण मात्र हिरवंगार राहिलं. आणि आता मामांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. साऱ्या नात्यात पत्रिका पोचल्या होत्या. आमच्याकडे नाही. माय रोज पोस्टमनची सायकल वाजली की ओसरीवर येऊन उभी राहायची आणि सायकल पुढे गेली की म्हणायची, “मी त कोंबड्या पाहाले आली होती.”

सैरीचं कळल्यावर ती म्हणाली, “पहिल्या डोंग्यात मी बसन.”

“माय, पहिल्या डोंग्यात पाटबंधाऱ्याचे साहेब बसणार आहेत.”

“काऊन? साहेबाचा भाऊ हाये काय तठी?”

मी हा प्रश्न समितीपुढे ठेवला. शेवटी साहेबांनीच सोडवलं. ते डोंग्यात बसले, फोटो निघाला, डोंगा जरासा हलला, साहेबांचा चेहरा डोंग्याच्या रंगाचा झाला आणि ते जीपने पुढे गेले.

माय बसली. तिच्याबरोबर लाडवांचा डबा, चिवड्याची पिशवी, पायलीभर लाखोरीची डाळ आणि एक भलंमोठं कोहळं बसलं. आता तिसरा माणूस मावेना.

“सुखराम, तू काठाने चाल,” मी म्हणालो. “डोंगा मी नेतो.”

सुखरामने आधी माझ्याकडे पाहिलं, मग डोंगा ढकलायच्या बांबूकडे, मग कोहळ्याकडे. त्याचा त्यातल्या त्यात विश्वास कोहळ्यावर बसलेला दिसला.

“गुरुजी, मधात ठेवा. पानी जिकडं ओढते तिकडं जाऊ नोका.”

“अरे, डोंगा पाण्याच्या ओढीनेच तर जातो!”

“त मंग जा,” म्हणून तो पानठेल्यावर तंबाखूचा खर्रा घोटायला थांबला.

आणि काय सांगू! पहिला अर्धा तास मी पृथ्वीवर नव्हतोच. फेब्रुवारीचं कोवळं ऊन. दोन्ही काठांना पळस पेटलेले आणि तेच पळस पाण्यात उलटे विझत चाललेले. डोंग्याखाली पाणी कुणीतरी झोपेत बोलल्यासारखं पुटपुटत होतं. बगळे आम्हाला पाहून उडत नव्हते, फक्त मान वळवत होते. बिरसीच्या धावपट्टीवरचं शिकाऊ विमान घुर्र करत वरून गेलं, ते मी वर पाहिलंच नाही. ते माझ्या डोंग्याखालून जाताना पाहिलं. मायने एक हात पाण्यात सोडला होता.

“तुहा मामा लहानपनी असाच पान्यात हात सोडून बसे,” ती म्हणाली. “खेकडा चावला की मले बोलावे. बाई व, बाई व, करत.”

“मग?”

“मंग काय? खेकडा मी काहाडू, अन मार बी मीच खाऊ.”

बांबू मांडीवर आडवा ठेवून मी मागे रेललो. डोंगा हळूच डावीकडे कलला, काठाकडे ओढला जाऊ लागला, आणि मला वाटलं, जाऊ द्यावं. पाण्याला जे कळतं ते माणसाला कुठे कळतं? (पाण्याला खरोखरच कळत होतं. काठ तिथे दोन हात रुंद फोडलेला होता आणि पलीकडे, कंबरभर खाली, कुणाची तरी बांधी होती.)

डोंग्याचं नाक त्या छेदात शिरलं.

“पोरा!” माय ओरडली.

मी बांबू उचलला. बांबू काठात रुतला. मी बांबू सोडला नाही, डोंग्याने मला सोडलं नाही, आणि मधल्या मधे माझी जी काही लांबी झाली ती परत कधीच पूर्ववत झाली नाही असं माझ्या शिंप्याचं म्हणणं आहे. मग बांबू तिथेच राहिला आणि आम्ही घसरगुंडीवरून सुटावं तसे सुटलो. फचाक्!

खाली उन्हाळी धानाचा रोवणा चालू होता. दहाबारा बाया ओळीने वाकून चिखलात परे, म्हणजे धानाची रोपं, लावत होत्या. त्यांच्या मधोमध झेंडूच्या माळा घातलेला पिवळा डोंगा, त्यात पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी, मांडीवर कोहळं घेऊन, सरळ रेषेत सरकत गेला. एकही बाई किंचाळली नाही. एकीने फक्त दुसरीला विचारलं, “ही कोन्या गावची बस व?”

डोंगा बांधीच्या कडेला, धुऱ्याच्या बांधाला लागून थांबला. मागे, नुकत्या लावलेल्या रोपांतून आमचा रस्ता पडला होता. सरकारी कामातही इतका सरळ रस्ता मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात समोरून, उन्हाला डोळ्यांवर आडवा हात धरून, खांद्यावर फावडं टाकलेला एक म्हातारा चिखल उडवत धावत आला.

“ओ बाई! उतरा! उतरा ना खाली! माह्ये परे मोडून राहिले ना, बाई!”

माय उभी राहिली. डोंगा डगमगला, कोहळं पाण्यात पडलं, तिला भान नव्हतं.

“बाई म्हनला!” ती माझ्या खांद्याला गच्च धरून म्हणाली. “आयकलं? वीस वर्षांनी बाई म्हनला!”

आता हे सांगितलं पाहिजे, की आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. आणि परक्या बाईलाही बाईच म्हणतात. मामांच्या डोळ्यांत ऊन होतं. त्यांना लुगडं दिसलं होतं, बहीण नाही. पण रडायला लागलेल्या मायला व्याकरण कोण शिकवणार? मी मास्तर असून माझी हिंमत झाली नाही.

मामांनी हात खाली केला. पाहिलं. फावडं खांद्यावरून उतरलं.

“जयभीम,” ते म्हणाले. सरकारी कचेरीत म्हणतात तसं.

“जयभीम,” माय म्हणाली. “वाळला तू.”

मामांना काही बोलायचं होतं. पण नेमका तेव्हाच माझ्यातला सचिव जागा झाला.

“मामाजी, नहर कोणी फोडली?”

“काय मालूम! मी त आताच आलो.”

“आणि हे फावडं?”

“पाहाले आनलं.”

“फावडं? पाहायला?”

मामा फावड्याकडे असं पाहू लागले, जणू ते आपल्या मागेमागे चालत आलं असावं. मग हळूच म्हणाले, “आज सोहळ्यासाठी पानी भरून सोडलं ना गा तुम्ही. एवढं भरलेलं पानी वीस वर्षांत पाहेलं नाही. राहावलं नाही.”

इतक्यात टोकाकडून भोंगा बोलला, “समितीचे सचिव महोदय जिथे कुठे असतील तिथून त्यांनी डोंग्यासह मांडवात यावे!” आणि वरून खर्ऱ्याची पिचकारी मारत सुखराम आला. त्याने छेद पाहिला, डोंगा पाहिला आणि टोकाच्या दिशेला तोंड करून अशी हाळी दिली की भोंग्याची गरजच उरली नाही. अख्खा मांडव नहरेच्या काठाने आमच्याकडे निघाला. पुढे समितीचे अध्यक्ष, त्यांच्या शेजारी फेटा बांधलेले एक गृहस्थ.

मामांचं तोंड पांढरं पडलं. “व्याही हायेत माह्ये,” ते पुटपुटले. “पोरीचे होनारे सासरे. मुख्य पाहुने म्हनून बोलावले त्याइले.”

उत्सवाच्या दिवशी, उत्सवाची नहर, मुलीच्या सासऱ्यासमोर, फावड्यासकट! मी मामांकडे पाहिलं. मामांनी मायकडे पाहिलं. एवढ्या वर्षांनी ते पुन्हा खेकडा चावलेलं पोर झाले होते.

“कोणी फोडली ही नहर?” अध्यक्ष वरून गरजले.

“कोनी काय म्हनता!” माय डोंग्यात ताठ उभी राहून म्हणाली. “ह्या माह्या पोरानं!”

“माय!” मी म्हणालो.

“तू उगा राह्य! बांबू धरता येत नाही अन निंगाला डोंगा चालवाले! ठोकला ना काठाले!”

“पण आजी,” फेटेवाले शंका काढत म्हणाले, “डोंग्यानं एवढा काठ फुटते काय?”

“तुमाले माहा पोरगा मालूम नाही!”

मामांना इशारा कळला. मग फावडं चिखलात आपटून तेही सुरू झाले, “किती सांगितलं म्या, गुरुजी, मधात ठेवा, मधात ठेवा! आयकते काय?” (सुखरामने चमकून पाहिलं. हे वाक्य त्याचं होतं.) बहीण म्हणे, याला लहानपणापासून दिशा कळत नाही. भाऊ म्हणे, तोंडावरूनच दिसते. एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू. वीस वर्षं ज्यांचं बोलणं नव्हतं, त्यांना बोलायला विषय मिळाला होता. तो विषय गुडघाभर चिखलात उभा होता.

छेद बुजवायला माती कमी पडली म्हणून सुखरामने डोंगा त्यात आडवा लावला आणि माती चढेपर्यंत मला डोंग्याला पाठ लावून उभं केलं. तिथून मला ती दोघं दिसत होती. धुऱ्यावर बसून एकाच डब्यातला लाडू मोडून खात होती. बांधीतलं पाणी निवळलं होतं, त्यात आभाळ उतरलं होतं, आणि दोघंही त्या आभाळात पाय सोडून बसल्यासारखी दिसत होती. माझ्या पाठीवरून झिरपणारं पाणी थंडगार होतं, पण खरं सांगतो, मला हलावंसं वाटेना.

समितीने माझं सचिवपद त्याच मांडवात काढून घेतलं. भिंतींवरची माझी नावं मलाच पुसायला लावली.

आठवड्याने पत्रिका आली. पोस्टाने नाही, मामा स्वतः सायकलवर घेऊन आले आणि आमच्या माठातलं पाणी दोन गिलास प्याले. लग्नात माय वधूच्या मागे करवलीहून जास्त मिरवत होती. मी आपला भाचा म्हणून बाह्या सरसावून पंगतीत वाढायला उभा राहिलो आणि पाण्याच्या तांब्याला हात घातला, तोच मामा भर मांडवातून ओरडले, “अरे, त्याले कायबी वाढू द्या! पानी तेवढं त्याच्या हाती देऊ नोका!”

मी मीठ वाढलं. तेही, म्हणतात, व्याह्यांना जास्त झालं.