लाल पेन्सिलीतलं पत्र

सरांच्या कादंबरीचं एक पानही मी आता उघडत नाही. उघडलं की शिसारी येते. वास्तविक ती सहाशे पानं मीच टाइप केली, माझ्या टायपिंगच्या दुकानात, याच खुर्चीवर बसून. पण सांगायचंय ते सरांबद्दल नाही. स्वतःबद्दल सांगायला ते खंबीर आहेत, एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. मला सांगायचंय काकूंबद्दल.

काकू म्हणजे सरांची बायको. माझ्या दुकानाच्या वरच राहतात. त्यांचे वडील दप्तरखान्यात कारकून होते. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी जुनी लिपी मुलीला शिकवली. शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांना ऐतिहासिक कादंबरी लिहायची हुक्की आली, पण जुनी लिपी म्हणजे त्यांना मुंग्यांची रांग. मग बारा वर्षं दप्तरखान्यात कोण गेलं? काकू. सकाळी स्वयंपाक उरकायचा, सरांचं ताट झाकून ठेवायचं, स्वतःची पोळीभाजी डब्यात घ्यायची आणि तिथं जाऊन नाकाला फडकं बांधून रुमाल सोडायचे. रुमाल म्हणजे जुन्या कागदांची कापडात बांधलेली गाठोडी. त्या धुळीनं त्यांना खोकला जडला, तो कायमचा.

तिथं शाईचं पेन नेऊ देत नाहीत, म्हणून काकूंकडे दोन पेन्सिली असत. पद्धत वडिलांनी घालून दिलेली. कागदावर जे स्पष्ट वाचता येतं ते काळ्या पेन्सिलीनं उतरवायचं. कसरीनं खाल्लेल्या जागी काय असावं असं वाटतं, ते लाल पेन्सिलीनं. "काळं ते त्यांचं, लाल ते माझं," काकू म्हणायच्या. त्यांचं म्हणजे केव्हाच मरून गेलेल्या माणसांचं.

काकूंच्या नकलांच्या पहिल्या वह्या टाइपला आल्या तेव्हा मी सरांना विचारलं होतं, "लाल अक्षरांचं काय करू?"

"सगळं एकसारखं करा हो," सर चष्मा पुसत म्हणाले. "वाचताना डोळ्यांना त्रास होतो."

मी केलं. काकूंना सांगितलं नाही, एवढा गुन्हा माझा.

त्यातच ते पत्र होतं. वेढा पडलेल्या किल्ल्यातून किल्लेदाराची बायको भावाला लिहिते: "चुली रित्याच पेटवितें. धूर दिसला म्हणजे वैरी समजेल, आंत अजून दाणा आहे." वाचक त्या पत्रावर अक्षरशः वेडे झाले. सर व्याख्यानांत ते म्हणून दाखवत, आवाज जड करत, नेमक्या जागी डोळे टिपत.

मग प्रकाशकानं टूम काढली की ही कादंबरी कशी घडली, यावरच एक पुस्तक करा. सर टपलेलेच होते. रोज दहाला दुकानात यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि डोळे मिटून सांगायचे. "दप्तरखान्यातल्या धुळीनं माझी छाती भरून येई." "तहानभुकेचं भान नसे." "ते पत्र हाती आलं तेव्हा मी ढसाढसा रडलो." मी टाइप करत होते आणि वरून काकूंच्या खोकल्याचा आवाज येत होता.

एकदा न राहवून म्हटलं, "सर, काकूंचं कुठे येणार?"

"येईल, येईल. ओघात येईल."

दोनशे पानं झाली, पण ओघ काही काकूंकडे वळेना. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, पण तो नागोबा निदान बीळ मीच खणलं म्हणून पुस्तक तरी काढत नाही.

काकूंनी फक्त एकदा विचारलं, भाजी निवडता निवडता. "माझं नाव आलं का गं कुठे?"

"अजून नाही."

"नाही, सहज विचारलं. बाबांनी एवढं शिकवलं, कुठेतरी त्याची नोंद राहिली तर बरं, इतकंच." सहज काही विचारलेलं नव्हतं. हातातली शेंग त्यांनी तीनदा मोडली.

पुस्तकासाठी फोटोग्राफर घरी आला त्या दिवशी मीही वर होते. सर टेबलाशी बसले. हातात काकूंचं भिंग, समोर काकूंच्या वडिलांच्या पेटीतला एक जुना कागद, कपाळावर आठ्या. काकू पदराला हात पुसत आल्या, तो कागद सुलटा करून ठेवला आणि मागे सरकल्या. फोटोग्राफर म्हणाला, "आता त्या चुलींच्या पत्राचा फोटो हवा. उद्या दप्तरखान्यात जाऊन घेतो."

"त्यात फोटो घेण्यासारखं काय आहे?" काकू अगदी साधेपणानं म्हणाल्या. "चार शब्द उरलेत. चुली, धूर, वैरी, दाणा. बाकी कसरीनं खाल्लंय. ते सगळं माझं, लाल पेन्सिलीतलं."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. संध्याकाळी प्रकाशकाचा फोन आला. तीन दिवस सर घराबाहेर पडले नाहीत. चौथ्या दिवशी दहाला हजर.

"नवं प्रकरण घ्या," म्हणाले. "नाव, विश्वासघात."

आणि डोळे मिटून सांगू लागले. की आपण भोळे, आपण विश्वासानं नक्कल करण्याचं काम पत्नीवर सोपवलं, आणि तिनं मनचे शब्द घुसडून एका साधकाची फसवणूक केली. आणि तरीही आपण तिला क्षमा केली. माझे हात थांबले.

"सर, लाल अक्षरं एकसारखी करायला तुम्हीच सांगितलं होतं. फार तर माझं नाव घाला, टायपिस्टची चूक म्हणा."

"टायपिस्टच्या चुकीत काय आहे? त्या रोजच्याच," सर म्हणाले. "घरच्या माणसानं फसवलं, यात नाट्य आहे."

चोर तो चोर, वर शिरजोर. ओकारी यावी असा माणूस. आणि मी? मी ते प्रकरण पूर्ण टाइप केलं.

सरांची प्रुफं काकूच तपासतात. मी ती आठ पानं काढून बाकीचा गठ्ठा त्यांना दिला. तासाभरात त्या खाली आल्या. "दोनशे चौदानंतर एकदम दोनशे तेवीस कसं गं?"

द्यावी लागली. काउंटरपाशी उभं राहून, ओळीखाली बोट धरून त्यांनी आठही पानं वाचली. सगळ्या पुस्तकात त्यांचं नाव एवढंच आलं होतं. एका जागी बोट बराच वेळ थांबलं.

"काकू, हे छापू द्यायचं?" मी विचारलं.

"इथं वेढ्याचं साल चुकलंय," काकू म्हणाल्या. "एक वर्ष अलीकडचं घे. नाहीतर लोक यांना नावं ठेवतील."

पुस्तक छापून आलं. साल अगदी बरोबर आहे.