फिलूचा निरोप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. कन्फेशनच्या जाळीपुढे गुडघे टेकून राग सांगितला, कुचाळक्या सांगितल्या — हे मात्र दर वेळी गिळलं. आता गिळण्याचाही कंटाळा आलाय. ऐका.

रत्नागिरीतल्या आमच्या चर्चमध्ये मी तीस वर्षं मुलांना धर्मशिक्षण दिलं. फिलू माझीच विद्यार्थिनी. पहिल्या कम्युनियनला, म्हणजे वेदीपुढे पवित्र भाकर पहिल्यांदा घेतात त्या दिवशी, तिच्या डोक्यावरची पांढरी जाळी मीच पिना लावून बसवली होती. पुढे तिने जयगडच्या बंदरात कामाला असलेल्या एका हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं. त्यानंतरच्या रविवारी ती कम्युनियनच्या रांगेत उभी राहिली आणि मी — फादर नव्हे, मी — तिचं कोपर धरून मोठ्याने म्हटलं, "तुला आता चालणार नाही. बाजूला हो." चर्चबाहेर लग्न केलेल्याला कम्युनियन देत नाहीत, नियम तसा आहेच. पण तो सांगायचं काम माझं होतं का? आणि तेही चारचौघांत? खरं सांगू — मला तेव्हा बरं वाटलं होतं. ती पुन्हा चर्चमध्ये आली नाही.

बऱ्याच वर्षांनी नवे फादर आले. ज्यांचं चर्च सुटलं त्यांच्या घरी जायचं, उपदेश करायचा नाही, नुसतं ऐकून यायचं, असं त्यांनी ठरवलं. फिलूचं घर माझ्या वाट्याला आलं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? एसटीने जयगडला गेले. तिने चहा केला, जवळ बसली, एक कडू शब्द नाही. उलट म्हणाली, "टीचर, फादर येतील काय हो घरी? ह्यांची काय ना नाय. लग्न चर्चच्या रीतीने करून घेऊ. मला परत कम्युनियन हवाय."

एवढा निरोप पोचवायचा होता. पण फादर तिच्याकडे गेले असते, तर चर्च का सुटलं हे त्यांनी विचारलंच असतं — आणि तिने माझं नाव घेतलं असतं. त्यांच्यासमोर जाऊन मी म्हटलं, "नको म्हणाली. पुन्हा कुणी येऊ नका म्हणाली." फादर हळहळले, आणि त्यांनी तो विषय सोडला. फिलूचा दोनदा फोन आला. "फादर कामात आहेत गं," म्हटलं. तिला ते पटलं. टीचर होते ना मी तिची.

मग तिच्या नवऱ्याचा फोन आला. फिलू अंथरुणाला खिळली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. "फादरांना घेऊन येता काय? तिचा जीव तेवढ्यासाठी अडकलाय." मी चर्चच्या ऑफिसात होते. फादर समोर अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. मी म्हटलं, "फादर मुंबईला गेलेत."

फिलू दुसऱ्या दिवशी गेली. तिला जयगडला अग्नी दिला. रात्रभर ती दाराकडे बघत होती, हे नंतर त्यानेच सांगितलं. आणि आमच्यासाठी एवढी धावपळ केलीत, म्हणून माझे आभार मानले. मी "असू दे" म्हटलं.