विलायती गाडीची खडखड
आमच्या बहिणीनं लहानपणीच जाहीर करून टाकलं होतं, सासरी जाईन तर त्या काळ्या विलायती गाडीतूनच. गाडी पेठेतल्या एका म्हाताऱ्या अडत्याची, युद्धाआधीची. ती माझ्याच गॅरेजला यायची. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. बहिणीचं लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा मी हिय्या करून गाडीच्या मालकांपुढे शब्द टाकला.

"ने की," ते म्हणाले. "पण पुढनं खडखडतीया, ती आदी काढ. वाजत्या गाडीत नवरी बसवायची नसती."

माझ्या कानांचा मला भलताच गर्व. पुढचे कमानपाटे उतरवले, बुश बदलले, ग्रीस भरलं. गाडी रस्त्यावर काढली आणि पहिल्याच खड्ड्यात खडखड! मग आमचा सोलापुरी उपाय. चादरीच्या कारखान्यातून चिंध्या आणायच्या, एकेका सांध्यात गच्च कोंबायच्या आणि गाडी फिरवायची. चिंधी घातल्यावर जिथला आवाज थांबेल तिथंच दोष. गाडीचं पोट रंगीबेरंगी झालं, आवाज जागच्या जागी. मी दिसेल त्याच्यावर खेकसायला लागलो.

पाचव्या दिवशी बहीण डबा घेऊन आली. वाकून गाडीखाली बघत म्हणाली, "दादा, सगळ्याला चिंध्या बांदल्यास, आन् त्या नालालाच का न्हाय?"

पुढच्या ॲक्सलला काळ्या घोड्याचा नाल तारेनं बांधलेला होता, दृष्ट लागू नये म्हणून. दसऱ्याला मीच बांधलेला! पूजेची वस्तू म्हणून त्याच्यावर संशयच घेतला नव्हता. तार सैल होऊन तो ॲक्सलवर आपटत होता. मी गाडीखाली पडल्यापडल्या इतका हसलो की कपाळ चेसिसला लागलं.

"काढून टाकू?"

"नगं की. मलाच दृष्ट लागंल." तिनं चादरीच्या काठाची पट्टी गुंडाळून नाल स्वतःच्या हातानं आवळला. तिला तसं बघून मला फार आनंद झाला.

लग्न लागल्यावर टेंभुर्णीला तिला सासरी सोडायला गाडी मीच चालवली. कुठं टिकटिकसुद्धा नाही. मी ऐटीत. मागं नवरदेव डुलकी घेत होते. मोहोळ मागं पडलं आणि त्या शांततेत मला बहिणीचं मुसमुसणं ऐकू यायला लागलं. पाच दिवस राबून मी हेच ऐकायची सोय करून ठेवली होती. खडखड होती तेच बरं होतं, असं वाटून गेलं.

"काय गं?"

"काय न्हाय. नाल वाजंना की, दादा," ती म्हणाली, आणि रडतारडता खुदकन हसली.

मी गाडी कडेला घेतली आणि काही बिघडलेलं नसताना बॉनेट उघडून त्याच्याआड उभा राहिलो.