वाघ, वांगं आणि फ्लेमिंगो

माझ्या लहानपणी दर जानेवारीत आमच्या गॅलरीत एक वाघ दोरीवर उलटा वाळत असायचा. डोंबिवलीत बाबांचं कपडेपट भाड्याने देण्याचं दुकान आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनांना लागणारं सगळं तिथे मिळतं: मावळे, कोळणी, पऱ्या, मोर, वांगी, टोमॅटो. दुकान आजोबांनी काढलं, ते नाटकवाल्यांचे शिंपी. मी तिसरी पिढी. फरक एवढाच की मला वेशभूषाकार म्हणतात आणि माझं नाव जाहिरातीत छापतात. बाबांच्या मते, "काम तेच. तुझ्या कपड्यांना इस्त्री जास्त."

पक्षी मात्र मला घरातून मिळाले नाहीत. तो नाद माझा मीच लावून घेतला. लग्न होऊन ठाण्यात वर्तकनगरला आले, तेव्हापासून हिवाळ्यातले रविवार मी दुर्बीण घेऊन खाडीवर काढते. घरच्यांनी "चिखलात काय ठेवलंय?" हे विचारणंही सोडून दिलं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका दिग्दर्शिकेने खाडीवरचं बालनाट्य करायला घेतलं. त्यात मुलांचा एक मोठा थवा फ्लेमिंगो होणार होता. तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी हो म्हणून बसले. ती माझ्याहून व्यवहारी.

"रविवारच्या तालमीला एक नमुना आण. मुलाला तो घालून नाचता आलं पाहिजे. नाही जमलं तर सरळ गुलाबी फ्रॉक आणि पुठ्ठ्याच्या चोची."

गुलाबी फ्रॉकचा थवा! इतकी वर्षं ज्यांच्यासाठी चिखल तुडवला, त्यांचं असं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं.

नमुना शिवला. करड्या मोज्यांवर पुढून फोमचे बारीक गुलाबी पाय, मधोमध सांधा, पाऊल उचललं की मागे दुमडणारा. दाखवायला डोंबिवलीला नेला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"गुडघा उलटा बसवलायस."

"तो गुडघा नाही बाबा, घोटा आहे. गुडघा वर पिसांत असतो."

"मला शिकवू नकोस. आजवर ढिगाने मोर उभे केलेत मी."

"आणि तुमचे सगळे मोर बँकेत निघाल्यासारखे चालतात."

वाद मिटेना. शेवटी त्यांना ठाण्याला घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीवर नेऊन हातात दुर्बीण दिली. ओहोटी होती. समोर लांबवर गुलाबी पट्टा पसरला होता. बाबांनी दुर्बिणीचं चाक फिरवून नीट जुळवलं. मग म्हणाले, "अगं, हे खरंच मागे दुमडतायत! आणि चोच बघ, उलटी घालून पाणी गाळतायत." मी दुर्बीण मागितली, तर खांदा फिरवून उभे राहिले.

"एवढी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"दर हिवाळ्यात सांगत होते."

"तू पक्षी आहेत म्हणायचीस. हे असं आहे म्हणाली नव्हतीस."

घरी आल्यावर त्यांनी नमुना पुन्हा हातात घेतला, उलटा केला, पाठीवरची लांब चेन खालीवर केली. मानेपासून पायापर्यंत सगळं एकसंध शिवलेलं. मला त्याचाच अभिमान.

"आणि पोराला शू लागली तर?"

आमच्या दुकानाचा हा पहिला नियम. आपल्या नाचाचं नाव पुकारलं की मुलांना हमखास शू लागते. म्हणून आमचा वाघ कमरेत सुटायचा आणि वांग्याला खालून झाकण होतं. आणि मी, याच घरातली, एक अख्खा पक्षी बंद करून बसले होते.

"आधी जाऊन येतील," मी पुटपुटले.

बाबांनी चेन पुन्हा एकदा खालीवर केली. मी कात्री आणली.

नमुना आम्ही कमरेत कापला, वेल्क्रो लावला आणि जोडावर पिसांची झालर सोडली. गंमत म्हणजे आधी ताठ दिसणारा पक्षी आता झुलायला लागला.

रविवारी दिग्दर्शिकेने मुद्दाम सगळ्यात लहान मुलगी निवडली. तिला कपडे चढवले, सगळे बाजूला झाले, पेटीवाल्याने सूर धरला. फ्लेमिंगोने पायाला पाय घट्ट लावले.

"ताई, शू."

दिग्दर्शिकेने माझ्याकडे असं पाहिलं की मला फ्रॉक दिसायला लागले. मी झालर उचलली, वेल्क्रो ओढला, पाय वेगळे केले आणि वरचा अर्धा पक्षी चोचीसकट पळत गेला. बाकीची मुलं लोळून हसत होती. सूर अजून तोच चालू होता, तोवर ती परत आली. मी पाय चढवले. तिने एक पाऊल उचललं, सांधा मागे दुमडला, आणि लोळणारी पोरं उठून बसली. मग सगळीच ओरडली, "आम्हाला पण!"

"फ्रॉकचं कापड परत करून टाकते," दिग्दर्शिका म्हणाली.

पहिल्या प्रयोगाला बाबा पुढच्या रांगेत, मी त्यांच्या मागे. थवा रंगमंचावर आला, टाळ्या पडल्या. मला वाटलं, आता वळून काहीतरी म्हणतील. त्यांच्या शेजारी कुणाचे तरी आजोबा बसले होते. ते म्हणाले, "पायांचे गुडघे उलटे केलेत हो यांनी."

बाबा सरसावून बसले. "गुडघे नाहीत ते. घोटे आहेत. गुडघा वर पिसांत असतो. रविवारी खाडीवर या, दाखवतो."