नव्या पायावरचा संशय

कवडू सोमकुवर सौंसरच्या ढोरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होता. मी १९८४ साली तिथं पशुवैद्य म्हणून रुजू झालो, तेव्हा त्याची वीस वर्षं नोकरी झालेली होती. जनावर आणणारा माणूस काय सांगतो याकडे तो फारसं लक्ष देत नसे. "बैल घसरून पडला जी," असं कोणी म्हणालं की कवडू जखमेभोवतीचे केस बाजूला सारायचा, बोटानं चाचपायचा आणि विचारायचा, "पडला ते खरं, पण काठी कोणाची होती?" बहुतेक वेळा मालक मग खरं काय ते सांगे.

पुढच्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर मोहगावचे नत्थूजी कळंबे झाकणाला भोकं पाडलेला डबा घेऊन आले. नत्थूजी फौजेतून नुकतेच निवृत्त झाले होते. शेवटची नेमणूक दार्जिलिंगकडच्या डोंगरात होती आणि येताना त्यांनी तिथल्या डबक्यातून दोन सॅलॅमँडर आणले होते. एकाचं नाव सुबेदार, दुसऱ्याचं नाईक. मी हा प्राणी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. वीतभर लांब, आकार पालीचा, पण अंग बेडकासारखं ओलं आणि पाठीच्या दोन्ही कडांना गाठींची रांग. डब्यात नाईक होता. त्याचा मागचा डावा पाय घोट्यापासून तुटला होता आणि थोटकावर कापसासारखी पांढरी बुरशी धरली होती.

"सुनेनं तोडला," नत्थूजी म्हणाले. "विळ्यानं. घरात पाली पोसता म्हणून रोज कटकट करते. सकाळी त्या खोलीत थेच झाडू मारून राहिली होती."

कवडूनं हात ओले केले आणि नाईकला तळव्यावर घेतलं. थोटकाची कड त्यानं उजेडाकडे धरून पाहिली.

"विळ्याचा घाव साफ असते जी. हे पिळून तोडलेलं दिसते," तो म्हणाला. मग त्यानं नत्थूजींकडे पाहिलं. "तुमच्याच हातानं तर नाही सापडला, झाकणात?"

नत्थूजी चिडून उठले, पण डबा ठेवून गेले.

जंतुनाशक लावावं असं मी सुचवलं. कवडूनं मान हलवली. फिनाइलच्या बादलीत पडलेला बेडूक त्यानं मरताना पाहिला होता. "हे कातडं सगळं पिऊन घेते डॉक्टरसाहेब. औषध जखमेवर लावाल, जाईल काळजात." मला अभ्यासक्रमात असलं काही शिकवलेलं नव्हतं, म्हणून मी त्याच्यावर सोपवलं. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा वास येई म्हणून तो विहिरीचं पाणी आणी. रोज दहा मिनिटं अगदी फिक्या मिठाच्या पाण्यात नाईकला ठेवायचा, मग मातीच्या कुंडीत ओल्या तरटावर सोडायचा. पहिले पाच दिवस नाईकनं गांडुळाला तोंड लावलं नाही. कातडीची चमक गेली, शेपटीचं टोक वळलं. सहाव्या दिवशी त्यानं एक तुकडा गिळला, आणि कवडूनं मला हातातलं काम टाकून बघायला बोलावलं.

रविवारी कवडू मोहगावला गेला. मीही बरोबर गेलो. नत्थूजींची सून अलका दारातच उभी होती.

"तुमी बी मलेच विचारायले आले काय?"

"मी कोणालेच विचारत नाही बाई. मले दोन गांडुळं पायजे."

तिनं मोरीजवळची ओली माती उकरून गांडुळं काढून दिली. कवडूनं एक गांडूळ सुबेदारच्या टबात सोडलं आणि शेजारीच आपली करंगळी पाण्यात धरली. सुबेदार झेपावला, गांडूळ सोडून त्यानं करंगळीच पकडली आणि अंगाला पीळ देत गरकन फिरला. कवडूनं बोट सोडवून नत्थूजींसमोर धरलं. बारीक दातांची ओळ उमटली होती.

"दोघायले एकाच टबात खायले देत होते ना तुमी? यानं त्याचा पाय गांडूळ समजून ओढला."

नत्थूजींनी बोट निरखलं. "करंगळी आन् पाय एक होते काय?" ते म्हणाले. "तुले चहा पाजून तिनं आपल्याकडं वळवलं असंल." चहा तर अजून कोणी मांडलाही नव्हता. अलका आत निघून गेली.

डिसेंबरात बुरशी गेली आणि थोटकाच्या टोकाला एक फिकट बोंड आलं. मला गाठ वाटली. कवडू रोज बघायचा, वहीत पेन्सिलीनं काढून ठेवायचा. बोंड लांबलं, चपटं झालं, पुढं त्याला खाचा पडल्या. फेब्रुवारीत नाईक चार पायांवर कुंडीच्या काठाशी चढत होता. नवा पाय जरा लहान आणि फिका होता. खरं सांगतो, मी दोन दिवस रजेवर होतो, आणि परत आल्यावर माझ्याही मनात आलं की यानं कुठून दुसराच प्राणी तर आणला नाही? मी तोंडानं काही बोललो नाही, पण वही मागवून घेतली. कवडूनं ती उघडून टेबलावर ठेवली. त्याला कळलं होतं.

नत्थूजींनी मात्र तोंडावर सांगितलं. "माहा नाईक मेला. तू मले हा दुसरा देऊन राहिला."

"दार्जिलिंगले मी कधी गेलो जी?"

"कोणाकडून मागवला असंल."

कवडूला राग आला असेल, पण आवाज चढला नाही. "घरी न्या. वेगळा ठेवा. मागच्या पायाले पाच बोटं असतात, याले आता चार आहेत. पाचवं फुटते का थे तुमीच पाहा. मी तोवर मोहगावात पाय ठेवत नाही."

नत्थूजींनी नाईकला घरी नेलं. खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली, म्हणजे कोणी अदलाबदल करू नये. रोज सकाळी भिंग घेऊन ते कुंडीपाशी बसत. अठराव्या दिवशी पायाच्या बाहेरच्या कडेला राईएवढा टिपका दिसला. आठवड्यानं त्याचं बोट झालं. कवडू पायाबद्दल खरं बोलला होता, मग करंगळीबद्दलही खरंच बोलला असणार.

त्या दिवशी त्यांनी अलकाला हाक मारली. हे पुढं तिनंच कवडूला सांगितलं.

"इकडं ये. हे पाह्य."

तिनं वाकून पाहिलं.

"तू नव्हतं केलं," नत्थूजी म्हणाले.

"मले माहीत होतं," ती म्हणाली, आणि झाडू उचलून दुसऱ्या खोलीत गेली.

मार्चमध्ये कवडूनं निरोप पाठवला की आपल्याकडचा उन्हाळा या प्राण्यांना झेपायचा नाही, जिथून आणले तिथं सोडून यावं. नत्थूजींना आधी शंका आली, हे प्राणी आपल्याकडून काढून घेऊन कवडूला दुसऱ्या कोणाला द्यायचे तर नाहीत ना? चार दिवस तसेच गेले. मग सुबेदार दुपारी पाण्यावर तोंड काढून धापा टाकायला लागला, आणि नत्थूजींनी ओल्या शेवाळात दोघांना दोन डब्यांत वेगवेगळं बांधलं आणि पांढुर्ण्याहून गाडी पकडली. बारा दिवसांनी ते एकटे परतले. दवाखान्यात येऊन कवडूजवळच्या बाकावर बसले. "दोघंही त्याच डबक्यात पोहत गेले," एवढंच म्हणाले.

अलका तोवर पांढुर्ण्याला माहेरी गेली होती; चार महिने खोटा आळ सोसला, आता परत यायचं नाही म्हणून. मे महिन्यात नत्थूजी स्वतः तिला आणायला गेले. ती लगेच आली नाही. तिसऱ्या खेपेला आली.